‘ने. प्र.’ : माहितीफलकावरच्या एका ओळीचं प्रकरण

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या परिसरात एक माहितीफलक लावायचं ठरलं. मसुदा माझ्याकडे आला. मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन थडीला असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फलकावर चार ओळी होत्या. तीन ठीक होत्या. चौथी अशी : ‘संरक्षणामुळे येथे घरटी करणाऱ्या स्थानिक पक्ष्यांची संख्या गेल्या तीस वर्षांत वाढली आहे.’ एवढं बघून द्या बाई, म्हणजे छापायला टाकतो, असा निरोप होता.

त्याच संध्याकाळी मी ‘चालेल’ म्हणणार होते. पाण्यावर पक्षी भरपूर दिसतात, दरवर्षी दिसतात, मग वाढलेच असतील, असं मलाही वाटत होतं. पण ‘तीस वर्षांत’ हे शब्द मनात अडकले. तीस वर्षांपूर्वी किती होते, हे कोणी मोजलं होतं? आणि कोणत्या महिन्यात? या दोन प्रश्नांच्या मागे मी जवळजवळ दोन वर्षं हिंडले. त्यात काय हाती लागलं आणि काय नाही, ते सगळं इथे मांडते आहे, कारण असे फलक आपल्याकडे जागोजागी लागतात आणि लोक ते वाचतात.

जागेबद्दल थोडं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला. नाशिककडून येणारा प्रत्येक पूर तिथे गाळ टाकत गेला. त्या गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस उगवलं, उथळ पाणी पसरलं आणि काही दशकांत सिंचनाच्या बंधाऱ्याची पाणथळ झाली. 1986 साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2019 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, गावातली मुलं गाईड म्हणून काम करतात, थंडीत रविवारी गाड्यांची रांग लागते.

आणि नेमकी थंडी हीच यातली पहिली अडचण आहे.

आपल्याकडची सगळी मोठी मोजणी हिवाळ्यात होते. तेव्हा थापट्या, तलवार बदक, गढवाल, चक्रवाक, क्रौंच असे दूरदेशीचे पाहुणे उतरलेले असतात. ‘इतके हजार पक्षी दाखल’ ही बातमी त्यांचीच. ते मोजायलाच हवेत. पण त्यातला एकही इथे अंडं घालत नाही. इथे संसार करणारे वेगळे : टिबुकली, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, अडई, शेकाट्या, टिटवी, नदी सुरय, बाभळीवरची सुगरण, गावच्या चिंचेवर वसाहत करणारे बगळे. यांतल्या काहींची वीण मार्च ते जूनच्या कडक उन्हात होते, बाकीच्यांची मृगाच्या सरीनंतर हस्तापर्यंत. त्या दिवसांत मनोऱ्यावर चिटपाखरू नसतं. माणसांचं म्हणते आहे.

म्हणजे चौथी ओळ ज्या पक्ष्यांबद्दल बोलत होती, ते घरटी करतात त्या महिन्यांत मोजणारं कोणी नव्हतं.

वह्या

एक माणूस मात्र होता. आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारे सर नव्वदच्या दशकात सायकलवर नदीकाठ हिंडायचे आणि शाळेच्या दोनशेपानी वह्यांत नोंदी ठेवायचे. ते आता नाहीत. त्यांच्या मुलीने वह्यांची पिशवी माझ्या हातात ठेवली तेव्हा मला वाटलं, झालं, उत्तर सापडलं.

वह्या सुंदर आहेत. निळी शाई, डाव्या समासात तारीख, पुढे वारा आणि पाण्याची पातळी (‘तिसरी पायरी बुडाली’ अशी), मग पक्ष्यांची नावं आणि समोर आकडे. वेगळा पक्षी दिसला की नावाखाली दोन रेघा. आणि कित्येक नावांसमोर आकड्याच्या जागी दोनच अक्षरं : ‘ने. प्र.’

पहिल्या दिवशी मला ती एखादी शास्त्रीय खूण वाटली. वहीच्या शेवटच्या पानावर खुलासा सापडला : ने. प्र. म्हणजे नेहमीप्रमाणे. चिमणी, ने. प्र. टिटवी, ने. प्र. होला, ने. प्र. सुरुवातीच्या वह्यांत गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायच्या जागेच्या नोंदीत गिधाड, ने. प्र.

गिधाडासमोरची ती दोन अक्षरं मग विरळ होत जातात आणि पुढच्या एका वहीत ते नावच येत नाही. ‘गिधाडं दिसली नाहीत’ असंही कुठे लिहिलेलं नाही. जे रोज दिसतं ते मोजायचं नसतं, आणि जे मोजलेलं नाही ते कधी कमी झालं ते कळत नाही. मी त्या पानांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. सरांसारखा काटेकोर माणूस, आणि डोळ्यांसमोर एक पक्षी आकाशातून पुसला जात असताना त्याची वही गप्प आहे. यात सरांची चूक मी मानत नाही. आजही आपण सगळे तेच करतो. फेसबुकवर दुर्मीळ बदकाचे पन्नास फोटो येतात, होल्याचा एकही नसतो.

भरतपूरकडून न घेतलेला धडा

नांदूरमध्यमेश्वरला आपण कौतुकाने ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. खऱ्या भरतपूरने देशाला सर्वांत मोलाची गोष्ट कोणती दिली, तर घरट्यांची मोजणी. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या घरटी करणाऱ्या जोड्या मोजल्या होत्या. 1987-88 च्या हंगामात 353 जोड्या होत्या, 1996-97 मध्ये 150 उरल्या. आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं तेव्हाही लोकांना दिसत होती, पण झाडांवरची घरटी निम्म्याहून खाली आली होती. धोक्याची पहिली ठोस सूचना मिळाली ती या मोजणीतून. पुढे 1991 ते 1993 मध्ये ज्या रस्त्यांवरून गाडीने जाऊन देशभर गिधाडं मोजली होती, त्याच रस्त्यांवरून 2000 नंतर पुन्हा पुन्हा मोजणी झाली आणि 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटल्याचं निष्पन्न झालं.

कारण 2004 मध्ये उघड झालं : डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. दुखऱ्या गाई-बैलाला आपण ते इंजेक्शन द्यायचो, जनावर दगावलं की माळावर टाकायचो, गिधाडं ते खायची. औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढायचा आणि काही दिवसांत पक्षी मरायचा. 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, 2015 मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बंद झाल्या, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांना द्यायला बंदी झाली. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, आणि आमच्याकडच्या गोठ्यांत आता तेच मागावं, असं मी प्रत्येक पालकसभेत सांगते. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला त्याला पाचेक वर्षं लागतात. पंधरा वर्षांत जे गेलं ते पंधरा वर्षांत भरून येत नाही, याचं साधं गणित हेच आहे.

नाशिक जिल्ह्यात गिधाडं पूर्ण संपली नाहीत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून घरटी करतात. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की खालूनही जागा ओळखता येते. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गावकऱ्यांच्या साथीने त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली. पण निफाडच्या आमच्या काळ्या रानात, जिथे सर ‘ने. प्र.’ लिहीत होते, तिथे आज गिधाड बसलेलं मी पाहिलेलं नाही.

तर चौथ्या ओळीतलं ‘स्थानिक पक्षी वाढले’ हे निदान एका पक्ष्याबाबत सरळ चुकीचं होतं. बाकीच्यांचं काय?

जिथे आकडे होते

सरांनी नदी सुरयाची घरटी मात्र मोजली होती, कारण ती त्यांना अप्रूप वाटायची. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली लांब शेपटी. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत नाहीतर गाळाच्या कोरड्या बेटावर नुसता खळगा करून त्यात अंडी घालतो. सरांनी बेटाचा नकाशा काढून प्रत्येक खळगा टिंबाने दाखवला आहे. माझ्या मनात आलं, त्याच बेटावर जाऊन पुन्हा मोजू. मासेमारी करणाऱ्या नानांना नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

‘‘बाई, हे बेट आता नाही. पुरानं कापून नेलं. गाळ आता वरच्या अंगाला बसलाय.’’

‘‘कोणत्या पुरात, नाना?’’

‘‘एका पुरात जात नसतंय ते. थोडं सोळाच्या पुरात गेलं, राहिलेलं एकोणीसच्या.’’

ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019. सायखेडा, चांदोरी पाण्याखाली गेली ते दोन्ही पूर. माणसांच्या घरांचे पंचनामे झाले, पण ऑगस्ट हा टिबुकली, कमळपक्षी आणि पाणकोंबड्यांच्याही ऐन विणीचा महिना असतो. पाण्यावर तरंगणारी घरटी अशा लोंढ्यात टिकत नाहीत. त्याच दशकात 2012, 2015 आणि 2018 हे पाऊस हुकलेले हंगामही आले. अशा ठिकाणी दोन सुटी वर्षं उचलून ‘तेव्हा इतके, आता इतके’ असं म्हणणं म्हणजे एक पुराचं वर्ष आणि एक दुष्काळाचं वर्ष तोलून पिकाचा कल सांगणं. नाशिकचा कोणताही द्राक्षबागाईतदार असा हिशेब मान्य करणार नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आपण तो बिनदिक्कत करतो.

सुरयाबाबत मला एवढंच लिहिता आलं : जागा सरकली आहे, तुलना होऊ शकत नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत हा पक्षी आज ‘असुरक्षित’ गटात आहे. त्यामुळे इथे वाढला असेल असं समजायला आधार नाही आणि घटला म्हणायला मोजणी नाही.

दुसरी मालिका सुगरणीची. एका विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी घरटी सर दर श्रावणात मोजत. वहीतली ही एकच सलग मालिका, आणि ती उतरत उतरत शून्यावर येते. वाचताना छातीत धस्स झालं. मी ती विहीर शोधून काढली. विहीर बुजलेली, बाभूळ नाही. आजूबाजूला विचारत गेले तर अर्ध्या कोसावर दुसऱ्या शेतातल्या बाभळीवर सुगरणींची भरलेली वसाहत होती.

यातून मला जे कळलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं. सरांनी ती विहीर निवडली, कारण त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त घरटी होती. कोणीही तेच करेल. पण सर्वांत भरलेली जागा निवडून मोजायला सुरुवात केली, की तिथून पुढचा रस्ता बहुतेक उतरणीचाच असतो. वसाहती हलतात, झाडं वठतात. आपण मात्र जुन्याच झाडाखाली उभे राहून पक्षी संपले म्हणतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत भांड्यात कुठून उचललं ते बघावं लागतं. सगळीकडची बाभळं आधी ठरवून, भरलेली आणि रिकामीही, दरवर्षी बघितली तरच वाढ-घट कळेल. रिकामी झाडं यादीत ठेवणं सर्वांत जड जातं. शून्य लिहायला माणसाला आवडत नाही.

सुगरणीच्या घरट्यांत आणखी एक गुंता आहे. नर अर्धं घरटं विणतो, टोपीसारखं, आणि मादी येऊन ते पारखते. पसंत पडलं तर पुढे नळी होते, नाही पडलं तर ते तसंच लोंबत राहतं. एका नराची अशी अनेक घरटी असतात. बाभळीला वीस घरटी म्हणजे वीस जोड्या नव्हेत. सरांनी पूर्ण आणि अर्धी वेगळी लिहिलेली नाहीत. म्हणून त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, पण त्यांतून जोड्या काढता येत नाहीत.

जांभळ्या पाणकोंबडीबद्दल गावात सगळे ठामपणे सांगतात की खूप वाढली. मलाही ती वाढलेली वाटते. पण सरांकडे साधी दुर्बीण होती, आमच्याकडे आता टेलिस्कोप आहे. तेव्हा मनोरे नव्हते, आता उंचावरून बघतो. तेव्हा एक माणूस, आता रविवारी चाळीस. समजा सर एका फेरीत एक तास बसले आणि त्यांना दहा दिसल्या, आणि आम्ही सहा जण पाच तास बसून शंभर मोजल्या. यात पाणकोंबडी दहापट झाली की डोळे आणि तास वाढले? उलटही घडतं. पाणकणीस दाट वाढलं की आत पक्षी असूनही दिसत नाहीत आणि आपण घट झाली म्हणतो.

देशाचा हिशेब कसा केला

हा डोळे-तासांचा घोळ मोठ्या पातळीवर कसा सोडवतात ते मी मग वाचून काढलं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा 2023 चा अहवाल सुमारे 30,000 हौशी पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या ऑनलाइन नोंदवहीत टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. तिथे ‘किती दिसले’ यापेक्षा ‘शंभर याद्यांपैकी किती याद्यांत हा पक्षी आला’ हे बघतात, आणि यादी पूर्ण असावी लागते, म्हणजे जे जे ओळखलं ते सगळं, कावळ्या-साळुंकीसकट. अमुक पक्षी यादीत नाही यालाही मग अर्थ येतो. ‘ने. प्र.’वरचा उतारा हाच. 942 जातींचा आढावा घेतला, त्यांपैकी दीर्घकाळाचा कल फक्त 338 जातींबाबत सांगता आला आणि त्यांतल्या 60 टक्के घटलेल्या आढळल्या. देशभराच्या नोंदी हाताशी असूनही सहाशेवर जातींबाबत त्यांनी मौन पाळलं, हे मला त्या अहवालातलं सर्वांत विश्वासार्ह वाटलं.

वाढलेल्यांत मोर, कोकीळ, पारवा, राखी वटवट्या आहेत. माणसाच्या वस्तीशी जुळवून घेणारे बरेच. घटलेल्यांत माळरानाचे, शिकारी आणि पाणथळीचे पुष्कळ. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख इतका घटला आहे की त्याची जागतिक श्रेणी पुन्हा तपासावी, अशी शिफारस अहवालात आहे. तारेवर बसलेला नीलपंख माझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर रोज असायचा. मी तेव्हा वही ठेवली असती तर तिच्यातही ने. प्र.च लिहिलं असतं.

अमेरिकेत याच कामासाठी 1966 पासून विणीच्या हंगामात ठरलेल्या रस्त्यांवरून मोजणी होते : जवळजवळ 40 किलोमीटरची एक वाट, तिच्यावर 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर 3 मिनिटं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी. दरवर्षी तीच वाट आणि तेवढीच मिनिटं. यात कसलं अवघड यंत्र नाही. आमच्या आठवीच्या मुलांना हे फळ्यावर समजावलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, म्हणजे रोज एकाच मापट्यानं मोजायचं.’’ मी तिचं वाक्य वहीत उतरवून ठेवलं.

पहिला हंगाम

फलकाचा मसुदा आला त्याच वर्षीच्या मार्चपासून आम्ही सुरुवात केली : मी, दोन गाईड मुलं, आणि नाना त्यांच्या होडीसह. थडीने जाणाऱ्या सहा वाटा नकाशावर आधी आखल्या आणि मगच बघायला गेलो, म्हणजे भरलेल्या जागा निवडायचा मोह नको. महिन्यातून दोनदा, सकाळी उजाडल्यापासून दोन तास. घरट्याजवळ जायचं नाही, काठावरून टेलिस्कोपनेच मोजायचं. माणूस जिथे वाकतो तिथे मागून कावळा येतो, हे नानांनी सांगितलं आणि आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलंही. पक्ष्यांची अंडी-घरटी हलवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा आठवायच्या आधी तो कावळा आठवतो.

एप्रिलमध्ये नव्या गाळाच्या बेटावर सुरय बसले. जवळच शेकाट्यांचे खळगे. पाणी उतरलं की धरणाच्या पोटात गाळपेर होते, कलिंगड-काकडीचे वाफे पडतात. बेटाच्या एका कडेला तेही सुरू झालं होतं. नाना त्या शेतकऱ्यांशी बोलले. टिटवीची चार अंडी एका वाफ्यात निघाली तेव्हा त्या माणसाने भोवती चार काठ्या रोवल्या आणि नांगर वळवून घेतला. ‘‘टिटवीनं यंदा खोलगटात घातलीत, पाऊस कमी दिसतोय,’’ एवढंच म्हणाला. भर दुपारी त्या टिटवीला मी पाण्यात पोट बुडवून येताना आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसताना पाहिलं. दहा-दहा मिनिटांनी तिची फेरी चालू होती.

मे महिन्यात वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं. खालच्या गावांना प्यायला, पिकांना पाणी हवंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी टप्प्याटप्प्याने चढवता येईल का, बेटावर पिल्लं निघायला आठवडा उरला आहे, असं विनंतीपत्र मी संबंधित कार्यालयात दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पाणी एका रात्रीत चढलं. सकाळी सुरय बुडालेल्या बेटावर घिरट्या घालत होते, चोचीत मासा घेतलेला एक नर जिथे खळगा होता त्या पाण्यावर तरंगत तरंगत थांबत होता. नानांनी होडी पुढे नेली नाही. वहीत मी लिहिलं : ‘बेट क्र. 2, घरटी सर्व बुडाली, पाणी रात्रीत चढलं.’ माझ्या वीस वर्षांच्या हिवाळी नोंदींत अशी एकही ओळ नाही. आवर्तनं दर उन्हाळ्यात सुटतच होती.

हिवाळ्यातल्या मोजणीत हेच सुरय पुन्हा भरपूर दिसले. प्रौढ पक्षी जगतात, बरीच वर्षं जगतात. त्यांची वीण सलग चार-पाच वर्षं वाया गेली तरी जानेवारीचा आकडा फारसा हलणार नाही. तो हलेल तेव्हा म्हातारे पक्षी मरायला लागलेले असतील आणि मागे कोणी आलेलं नसेल.

पावसाळ्यात उलट चित्र होतं. आर्द्रा लागता लागता पावशाचं ‘पेरते व्हा’ सुरू झालं, चातक बाभळीवर दिसू लागले, पाणकणसात टिबुकलींनी तराफे रचले. एका सकाळी माझ्यापासून तीसेक हातांवर टिबुकली घरट्यावरून उठली. उठण्याआधी तिने चोचीने ओलं शेवाळ ओढून अंड्यांवर घातलं, डावीकडून दोनदा, उजवीकडून एकदा, आणि मगच पाण्यात बुडी मारली. मागे उरला तो कुजक्या पाल्याचा ढीग. तिला अंडी झाकताना पाहिलं नसतं, तर ते घरटं मी मोजलंच नसतं. त्यानंतर आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडायचं ठरवलं. पहिल्याच वेळी दोघांचे आकडे जुळले नाहीत, तेव्हा दोन्ही लिहून ठेवले.

फलकाचं काय झालं

फलक दीड वर्ष अडून राहिला. माझ्यावर थोडी नाराजी झाली. एका ओळीसाठी इतकं काय, असं तोंडावर बोललं गेलं. मी उत्तरादाखल वह्या दाखवल्या. शेवटी चौथी ओळ काढली आणि तिच्या जागी हे छापलं : ‘येथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांची नियमित मोजणी सुरू झाली आहे. मार्च ते सप्टेंबर या काळात बेटांवर व पाणवनस्पतींत जाऊ नये.’ पाहुण्यांना ही ओळ फिकी वाटते, हे मला दिसतं. तरी ती खरी आहे.

कल सांगायला किमान दहा हंगाम लागतील, त्यात एखादा पूर आणि एखादा दुष्काळ धरून. आमचे दोन झाले. यंदा आवर्तनाच्या तारखा आधी कळाव्यात म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव जोडून पत्र दिलं आहे. सरांच्या मुलीने विचारून घेतलं की वह्या पुढे कुठे ठेवणार. त्यांच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून झाले आहेत, ने. प्र.च्या जागा लाल शाईने वेगळ्या केल्या आहेत.

परवा सहाव्या वाटेवर मुलांची वही तपासली. चिमणी 14, होला 9, टिटवी 6, साळुंकी 22, सुरय 0. शून्य ठळक काढलं होतं. पाणी अजून उतरायचं आहे, बेट वर यायला पंधरा दिवस लागतील असं नाना म्हणाले.